हातगुण

रविवारी सकाळी ओट्यापाशी घावनांचे पीठ ढवळत असताना बाहेरच्या खोलीतून चंद्रहासचा एक श्वास मला ऐकू आला. शब्द नव्हे, श्वास. आत घेतलेला, क्षणभर अडवून धरलेला आणि मग धरवत नाही म्हणून ओठांतून सुटलेला. लग्नाला चौदा वर्षे झाली. या श्वासाची ओळख मला अंधारातली होती, आणि तो माझ्यामुळे निर्माण होतो, माझ्यापाशीच संपतो, अशी माझी एक कधीच न तपासलेली समजूत होती. हातातला डाव तसाच धरून मी दारापर्यंत आले. तो दिवाणावर एकटाच बसला होता. मांडीवर फोन आडवा धरलेला, आणि फोनच्या काचेत लोखंडी पट्ट्यांची एक पेटी थरथरत होती. झाकणाच्या फटीतून जांभळा उजेड गळत होता. पेटी उघडली. त्याच्या भुवया वर गेल्या, खालचा ओठ किंचित सुटला, आणि सगळा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत, पाहुण्यासाठी झाडून ठेवलेल्या अंगणासारखा मोकळा झाला. मग लगेच मिटला.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही गं. क्रेट उघडत होतो."

"काय निघालं?"

"टोपी," तो म्हणाला. "हिरवी. आहेच माझ्याकडे."

मी परत आत आले. तव्यावर पीठ ओतले, त्याला जाळी पडली, कडा सुटल्या, मी ते उलटले; आणि हे सगळे करणारे हात माझे असले तरी मी मात्र दारातच उभी होते. तो चेहरा मी पाहिलेला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी फुलपाड्याच्या भाड्याच्या खोलीत, न्हाऊन केसांना पंचा गुंडाळून मी बाहेर आले तेव्हा तो एका पायात मोजा घालून बसला होता, दुसरा मोजा हातात, आणि वर पाहताना त्याच्या भुवया अशाच वर गेल्या होत्या, ओठ असाच सुटला होता. त्या दिवशी त्याला कामावर जायला उशीर झाला. त्यानंतर तो चेहरा नेमका कधी येईनासा झाला हे मला सांगता येणार नाही. भांड्यावरची कल्हई कोणत्या दिवशी गेली हे कुणाला सांगता येते? मला वाटत होते की तो चेहरा वयाने नेला, कर्जाच्या हप्त्यांनी नेला, विमा कंपनीतल्या त्याच्या दाव्यांच्या फायलींनी नेला. सगळ्यांचाच जातो, तसा त्याचाही गेला. पण तो गेला नव्हता. तो शाबूत होता, आणि एका हिरव्या टोपीसाठी येत होता.

बाईचा मत्सर करणे सोपे असावे. तिला नाव असते, उंची असते, तिच्या बोलण्यात काही खोडी असतात, आपण वाकुल्या दाखवत त्यांची मनातल्या मनात नक्कल करू शकतो. सवत आजारी पडते, म्हातारी होते. पेटी म्हातारी होत नाही. ती दर वेळी पहिल्यांदाच उघडते, आणि मी तर चौदा वर्षांत उघडायची तेवढी उघडून झालेली.

खेळ असा काही तो आता खेळतही नव्हता. आठवड्यातून दोन दिवस घरून काम सुरू झाले तेव्हा एका सहकाऱ्याच्या नादाने त्याने तो घेतला. बेट, सैनिक, बंदुका, धूर. पहिले काही महिने तो खरोखर धावत, लपत, मरत असे. पुढे धावणे-लपणे गळून पडले आणि क्रेट उरल्या. वडापावाच्या पैशात एक. आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही: टोपी, बूट, बंदुकीवरची नक्षी, आणि क्वचित, फार क्वचित, पांढरा मोर. म्हणजे एक झगा. सैनिक उंचावरून उतरताना तो पाठीमागे पिसाऱ्यासारखा उलगडतो. त्याने लढाईत काही फायदा होत नाही. "नुसता दिसतो," चंद्रहास म्हणाला होता, आणि 'नुसता' हा शब्द इतक्या आदराने उच्चारलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. पडद्याच्या तळाशी राखी रंगात बारीक अक्षरे असत. माझी नजर अशा अक्षरांवर आपोआप जाते, कारण बारीक तपासणे हेच माझे पोटापाण्याचे काम आहे. पांढरा मोर: हजारात सहा.

वालीवला औषधांच्या बाटल्यांची झाकणे बनवणारा एक कारखाना आहे. तिथे मी नमुने तपासते. दहा हजार झाकणांचा लॉट आला की त्यातली दोनशे उचलायची, गेजवर, म्हणजे मापाच्या साच्यावर, बसवायची, फिरवून पाहायची. कुठली दोनशे, हे हाताने ठरवायचे. डोळ्यांनी निवडायची नाहीत, तो नियम. आणि माझा हात असा, की तो खोक्यात गेला की नेमका वाकड्या आट्याच्या झाकणावर पडतो. आमचा सुपरवायझर शत्रुघ्न माझ्या टेबलाजवळून जाताना म्हणायचा, "मॅडम, आज हात खिशात ठेवा, डिस्पॅच आहे." सगळे हसत. पण या हाताची दुसरी ख्याती घरी होती. लहानपणी आत्याने जाहीर केले होते की विनिताला हातगुण आहे. मी लावलेले विरजण बिघडत नाही, मी खोचलेली काडी मूळ धरते. गोखिवऱ्याच्या आमच्या इमारतीत ही बातमी क्लेमेंटीनने पसरवली. ती समोरच्या दारातली. नवरा जेम्स आखातात, माहेर पश्चिमेला भुईगावात. तिच्या बाल्कनीतला सोनचाफा तीनदा मेला, चौथ्यांदा तिने मला बोलावून माझ्या हाताने लावला आणि तो धरला. तेव्हापासून तिच्या माहेरच्या वाडीत केळीचे नवे कोंब लावायचे असले की ती मला रिक्षात घालून घेऊन जाई, आणि येताना सुकेळ्यांचे पुडके माझ्या मांडीवर ठेवी. एकच हात, कारखान्यात तो वाईट शोधतो आणि घरी चांगले उगवतो. यातला विरोध मला कधी खुपला नव्हता.

त्या रविवारी दुपारी मीच त्याच्या शेजारी जाऊन बसले. काय बोलावे हे ठरलेले नव्हते. तो क्रेटवर क्रेट उघडत होता आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते, दुसऱ्याच्या घरातला दिवा रस्त्यावरून पाहावा तशी. एकाएकी तो थांबला.

"तुझा हात लाव ना गं," तो म्हणाला.

"माझा?"

"अख्ख्या बिल्डिंगची झाडं जगवतेस. मलाही काही दे."

मी हात पुसला आणि अंगठा टेकवला. काच कोमट होती. त्याच्या तळव्याची ऊब तिच्यात उतरली होती. पेटी थरथरली. मोर निघाला नाही, पण चांदीचे चिलखत निघाले, जे त्याला चार महिन्यांत मिळाले नव्हते. आणि मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. भुवया, ओठ, सगळे तसेच. पेटीसाठी आलेला तो चेहरा विझण्यापूर्वी माझ्याकडे वळला होता एवढेच, हे मला कळत होते. शिळ्या उन्हाचा कवडसा असतो तसा तो होता. पण ऊन ते ऊन. मी, चाळीस वर्षांची, दोनशे झाकणे फिरवून अंगठ्याला घट्टा पडलेली बाई, लाजले.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सुखाचे होते असे मला म्हणावे लागेल, आणि म्हणताना जीभ अडखळते. तो मला हाक मारी. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, "विनू, ये गं." मी पदराला हात पुसत जाई. हळूहळू पदराला पुसणे मला अपुरे वाटू लागले. मी साबणाने हात धुऊ लागले, नखे कापू लागले, आणि एकदा तर क्रीम लावून गेले तेव्हा काचेवर डाग पडला म्हणून तो चिडला. आम्ही जवळजवळ बसत होतो. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. पेटी हलू लागली की तो माझे मनगट धरी, आणि मी पेटीकडे पाहत नसे. काय निघाले ते मला त्याच्या बोटांवरून कळे: पकड घट्ट झाली तर चांगले, सैल पडली तर टोपी. पैसे किती जात असतील हा विचार माझ्या मनात आला नाही असे नाही. पण तो विचार दारात उभा राहून परत जाणाऱ्या माणसासारखा परत जाई.

मग माझा हात आटला. एका रविवारी अकरा क्रेट, अकराही फुकट. पुढच्या बुधवारी सात. मनगटावरची पकड आधी सैल झाली, मग नाहीशी झाली. त्याने हाक मारणे सोडले. तो एकटाच उघडू लागला, आणि मी आतून तो श्वास ऐकत राहिले. एकदा न बोलावता जाऊन बसले तर त्याने फोन किंचित दुसऱ्या बाजूला वळवला.

"नको," तो म्हणाला. "तुझा हात आता फॅक्टरीचा झालाय. रिजेक्टच उचलतो."

तो हसत म्हणाला. मीही हसले. हसताना मी माझा उजवा हात पाठीमागे नेला, जणू त्याला ते ऐकू जाऊ नये.

त्याच शनिवारी, साडेपाचचा चहा चालू असताना क्लेमेंटीन माझे भांडे परत करायला आली. भांडे तिने रिकामे आणले नव्हते. ती कधीच आणत नाही. सुकेळी होती. ती टेबलापाशी टेकली, चपला दाराबाहेर, ओढणी खांद्यावर गाठ मारलेली, हाताला पिठाचा वास.

"काय भाऊ, अजून तो थरथरणारा डबा उघडताय?" ती म्हणाली. "माझ्या भाच्याला यासाठी मार पडतो."

"वहिनी, तुम्हीच या," चंद्रहास म्हणाला. "लावा बोट. हिचं लक संपलं."

"मला नको बाई ती भानगड."

"एकदाच."

क्लेमेंटीनने माझ्याकडे पाहिले. मी म्हणायला हवे होते, नको. मी म्हणाले, "लाव की, काय होतंय." तिने बोट ओढणीला पुसले आणि पाव करताना ती पिठाच्या गोळ्यावर जसा क्रूस काढते तसा, अगदी सवयीने, काचेवर एक लहानसा क्रूस काढला आणि बोट टेकवले. पेटी इतर वेळेपेक्षा जास्त थरथरली. मग पडदा पांढरा झाला, आणि त्या पांढऱ्यातून पिसारा उलगडत गेला. चंद्रहास उभा राहिला. त्याने क्लेमेंटीनचे बोट, ते एकच बोट, दोन्ही हातांत धरले आणि तिच्याकडे पाहिले. आणि हे पाहणे शिळे नव्हते, कवडसा नव्हता, ते भर दुपारचे होते.

"सोडा हो भाऊ, पीठ लागेल," ती हसून म्हणाली, पण तिचे हसणे अर्ध्यावर थांबले. ती त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होती, आजाऱ्याकडे पाहावे तसे. तेव्हा मला ते निरखणे दुसऱ्याच अर्थाने लागले. ती गेल्यावर मी तिची सुकेळी डब्यात भरली आणि डबा वरच्या फळीवर मागे ढकलला. त्या संध्याकाळी मी तिच्या बोटाविषयी जितका विचार केला तितका कुणाच्या बोटाविषयी केला नसेल: नखाखालचे पीठ, पेराजवळची भाजल्याची जुनी खूण, आणि ते बोट टेकताना तिने मनात काही म्हटले का. माझा चाफा तिच्या बाल्कनीत फुलतो, मला वाटले. माझ्या हातातले तिने घेतले. हे मला खरोखरच वाटले, शब्दाला शब्द लावून, आणि वाटताना मला त्यात हास्यास्पद काहीही दिसले नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत, नमुन्यांच्या खोलीत, मी माझ्या फोनवर तो खेळ उतरवून घेतला. हेतू स्पष्ट होता, आणि माझ्या व्यवसायाला शोभेल असाच: हात तपासून पाहायचा. एक नमुना अपुरा असतो, अकरासुद्धा अपुरे. दोनशे घेतल्याशिवाय लॉटबद्दल बोलू नये. मोर निघाला की घरी जायचे, त्याच्यासमोर फोन ठेवायचा, काही बोलायचे नाही, आणि त्याच्या भुवयांकडे पाहायचे. फक्त एवढेच. पहिल्या दिवशी वीस उघडल्या. खिडकीबाहेर टेम्पो मागे घेताना बीप बीप वाजत होता, शेजारच्या गाळ्यातून वितळलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास येत होता, आणि विसाव्या क्रेटला माझ्या लक्षात आले की डबा मी उघडलेलाच नाही. पोळीचा तुकडाही न खाता सुट्टी संपली होती, आणि मला भूक नव्हती.

दोनशे झाल्या. मोर निघाला नाही. हजारात सहा म्हणजे दोनशेत एक-सव्वा, हे मी कागदावर मांडू शकले असते. पण मी मांडले ते वेगळेच. त्या आठवड्यात माझ्या टेबलावर एकही वाकडे झाकण आले नाही. खोक्यात हात घालावा आणि गोल, गुळगुळीत, नेमक्या आट्याची झाकणे वर यावीत. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. वीस वर्षांत असे झाले नव्हते. माझ्या अंगावर काटा आला. हात बदलला, मी म्हणाले. तो आता वाईटाकडे जातच नाही. तो चांगल्याकडे वळला आहे. कारखान्यात वळला तसा काचेवरही वळेल. त्या आनंदात मी गुरुवारी आणखी साठ उघडल्या, आणि प्रत्येक वेळी पेटी थरथरू लागली की माझ्या डोळ्यांभोवतीची कातडी ताणली जाई. हे सगळे कशासाठी आहे हे विचारायला मी विसरत चालले होते. चंद्रहासची भुवई मला दिसेनाशी झाली होती. पेटी दिसे.

शुक्रवारी शत्रुघ्न आला. या वेळी तो हसला नाही. मूठभर झाकणे त्याने माझ्या टेबलावर सांडली.

"मॅडम, ही बघा. पार्टीने परत पाठवलीत."

मी एक उचलले. गेजची गरजच नव्हती. आटा नुसत्या डोळ्यांना वाकडा दिसत होता.

"लहान पोरांच्या खोकल्याच्या बाटल्या आहेत," तो म्हणाला. "गळतायत. सोमवारच्या लॉटपासून सगळ्यावर तुमची सही आहे."

"माझ्या हाताला एकही लागलं नाही," मी म्हणाले.

"हाताला लागलं नाही," तो हळूच म्हणाला, "की तुम्ही बघितलं नाही? तुमच्याबद्दल मी दुसऱ्या कुणाला असं विचारूही दिलं नसतं."

त्या चार दिवसांत मी झाकणे गेजवर बसवली होती की नुसती एका खोक्यातून दुसऱ्या खोक्यात टाकली होती, हे मला खरोखर आठवेना. हाताला काही आठवत नव्हते. हात दुसरीकडे होता. शत्रुघ्न वळून गेला, झाकणे तिथेच ठेवून, आणि मला शरम वाटली. पण त्या शरमेच्या तळाशी, निवळीच्या खाली गाळ असावा तशी, एक घाई होती. तो दाराबाहेर केव्हा जातो याची घाई.

संध्याकाळी घरी आले तर चंद्रहास समोरच्या दारातून बाहेर पडत होता, क्लेमेंटीनच्या. त्याच्या मागे ती उभी. तिने मला पाहून मान हलवली आणि दार लावून घेतले. माझ्या कानशिलांत रक्त वाजू लागले. मी आत आले, दिवाणावर बसले, वर्तमानपत्र उघडून मांडीवर पसरले आणि त्याच्याखाली फोन घेतला. आवाज बंद होता. तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"काढून टाकला मी तो गेम," तो म्हणाला.

मी वर पाहिले.

"आणि मोर?"

"मोरपण गेला. सगळं गेलं." तो आपल्या गुडघ्यांकडे पाहत म्हणाला. "क्लेमेंटीन वहिनींचा भाऊ आहे ना, फ्लॉईड. पत्त्यांवर आईच्या बांगड्या लावणारा. आता चर्चमागच्या हॉलमध्ये जातो दर शुक्रवारी, जुगार सुटलेल्यांची बैठक असते. त्या म्हणाल्या, भाऊ, मोर निघाला तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी. आमच्या फ्लॉईडचं पान उघडताना असंच व्हायचं. मी हसलो त्यांना. म्हटलं, अहो, पोरखेळ आहे. आठवडाभर ते डोक्यातून जाईना. आज फ्लॉईडला भेटलो त्यांच्याकडे."

"तिला आधी सांगितलंस," मी म्हणाले.

"त्यांनी मला सांगितलं, विनू. मी कुठे सांगितलं?" तो थकून हसला. "खरं सांगू? मोर मिळाला, त्यानंतर दहा मिनिटांत मी पुढच्या महिन्यात काय येणार त्याची यादी बघत होतो. दहा मिनिटं. आणि तुला हाका मारायचो ना, तेव्हा तुला मारतच नव्हतो. तुझ्या अंगठ्याला मारत होतो. वर परत तुला काय बोललो ते. ते फॅक्टरीचं."

त्याने माझ्याकडे पाहिले. भुवया वर गेल्या नाहीत, ओठ सुटला नाही. त्या चेहऱ्यावर काहीच उजळलेले नव्हते. डोळ्यांखाली सूज होती, गालावर दाढीचे पांढरे खुंट होते, आणि तो कुठेही जाण्याच्या बेतात नव्हता. असे त्याने माझ्याकडे कधी पाहिले नव्हते, फुलपाड्याच्या त्या खोलीतसुद्धा नाही. मी मागितले होते त्याहून हे मोठे होते, आणि ते समोर, हाताच्या अंतरावर होते. मला ते स्पष्ट दिसत होते. बाजारात दुसऱ्या कुणासाठी तोलून ठेवलेली वस्तू दिसावी तसे दिसत होते.

त्याने हात पुढे केला. माझा उजवा हात कागदाखाली होता. मी डावा दिला. त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याने तो दोन्ही तळव्यांत घेतला आणि बोलत राहिला, किती महिने, कुठून कुठवर, फ्लॉईड काय म्हणाला, पुढच्या शुक्रवारी माझ्याबरोबर येशील का. मी मान हलवत होते. क्लेमेंटीनचा राग माझ्यात कुठे शिल्लक आहे का ते मी शोधून पाहिले, नव्हता. हेवा होता, आणि तो या समोर बसलेल्या माणसाचा होता. हा उठला होता. दार उघडून, चपला घालून, समोरच्या घरी चालत जाऊन हा परत आला होता, आणि आता त्याचे दोन्ही हात रिकामे होते, माझा एक हात धरण्याइतके रिकामे.

"येशील ना?" त्याने पुन्हा विचारले.

"येईन," मी म्हणाले, त्याच्या डोळ्यांत पाहत; आणि कागदाखाली अंगठ्याने, न पाहता, नेमकी जागा शोधली आणि दाबली.